दुय्यम भूमिका आणि अव्वल न्याय

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीच्या पट्ट्यात आणि एकूणच मराठवाड्यात, जुन्या पिढीने चित्रपट पाहिला तो बहुधा जत्रेतील तंबूत किंवा तालुक्याच्या गावच्या थिएटरात. त्या प्रेक्षकाला नायकाच्या गाण्यांइतकीच आणखी एक गोष्ट पाठ असे, ती म्हणजे ललिता पवारांची सासू. त्या पडद्यावर आल्या की बायाबापड्यांनी बोटे मोडावीत, हाच त्यांच्या अभिनयाला मिळालेला कौल होता. परंतु १९६० मध्ये 'फिल्मफेअर'ने सहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक त्यांना दिले ते सासूसाठी नव्हे. 'अनाडी' या चित्रपटातील मिसेस डिसा या तोंडाने फटकळ, मनाने मायाळू घरमालकिणीसाठी ते दिले गेले. लोकांचा कौल एकीकडे आणि परीक्षकांचा दुसरीकडे, असे हे दृश्य आहे. यातील कोणता कौल खरा, यापेक्षा सहाय्यक भूमिका मोजण्याचे माप कोणते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

या पारितोषिकाचा इतिहास फार जुना नाही. हॉलिवूडच्या ऑस्कर पारितोषिकांत सहाय्यक कलावंतांचा स्वतंत्र विचार १९३७ च्या समारंभापासून सुरू झाला आणि तोही हात आखडता घेऊनच. आरंभीची काही वर्षे त्यांच्या वाट्याला पूर्ण पुतळा येत नसे, फलक मिळे. नायक-नायिकांच्या बरोबरीचा पुतळा मिळण्यास १९४४ साल उजाडावे लागले. आपल्याकडे 'फिल्मफेअर' पारितोषिके १९५४ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९५५ मध्ये, सहाय्यक भूमिकांची भर पडली. 'बूट पॉलिश'साठी डेव्हिड आणि 'बादबान'साठी उषा किरण हे पहिले मानकरी. राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र हा विभाग १९८४ च्या चित्रपटांपासून आला. त्या वर्षी 'घरे बाइरे'साठी व्हिक्टर बॅनर्जी आणि 'पार्टी'साठी रोहिणी हट्टंगडी यांची निवड झाली.

मराठी वाचकाने अभिमानाने आणि थोड्या अस्वस्थतेनेही नोंद घ्यावी, अशी एक गोष्ट या इतिहासात आहे. १९५५ ते १९६४ या पहिल्या दहा वर्षांत सहाय्यक अभिनेत्रीचे 'फिल्मफेअर' पारितोषिक सहा वेळा मराठी घरांतून आलेल्या अभिनेत्रींना मिळाले : उषा किरण, 'काला पानी'साठी नलिनी जयवंत, 'अनाडी'साठी ललिता पवार, 'आँचल'साठी नंदा आणि 'आरती' व 'गुमराह' यांसाठी लागोपाठ दोनदा शशिकला. अभिमान गुणवत्तेचा आहे. अस्वस्थता अशासाठी, की या गौरवातच एक मर्यादाही दडलेली असते. खलनायिका म्हणून एकदा नावाजलेल्या स्त्रीकडे निर्माते पुन्हा पुन्हा खलनायिकाच घेऊन येतात. ललिता पवार स्वतः एके काळी नायिका होत्या. १९४२ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी झालेल्या अपघाताने त्यांचा डावा डोळा अधू झाला आणि चरित्र-भूमिकांचा मार्ग त्यांना धरावा लागला. त्या मार्गावर त्यांनी जे उभे केले ते दुय्यम नव्हते. दुय्यम होते ते त्याला दिले गेलेले नाव.

नावाचा हा घोळ पारितोषिकांत वारंवार होतो. बिमल रॉय यांच्या 'देवदास'मधील चंद्रमुखीसाठी वैजयंतीमाला यांना १९५७ मध्ये सहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक जाहीर झाले आणि त्यांनी ते नाकारले. चंद्रमुखी ही पारोच्या बरोबरीची भूमिका आहे, असे त्यांचे म्हणणे होते. यात अहंकार पाहणाऱ्यांनी थोडा विचार करावा. चंद्रमुखी कथेत येते ती देवदासला सावरण्यासाठी नव्हे. त्याच्यामुळे तिचे स्वतःचे आयुष्य पालटते आणि ज्या पात्राला स्वतःचा असा प्रवास आहे, ते केवळ आधाराचे पात्र राहत नाही. तेव्हा परीक्षकाचे पहिले कर्तव्य अभिनय जोखण्याचे नाही, भूमिका ओळखण्याचे आहे.

भूमिका ओळखल्यावर कसोटी कोणती लावावी? लांबी ही कसोटी नव्हे आणि टाळ्या ही तर नव्हेच. साधी कसोटी अशी, की ते पात्र काढून घेतल्यास इतरांच्या प्रसंगांचे काय होते ते पाहावे. 'अनाडी'तील मिसेस डिसा निकृष्ट औषध पोटात जाऊन मरण पावतात. ते औषध नायक ज्याच्याकडे नोकरी करतो, त्याच मालकाच्या कंपनीचे असते. राज कपूर यांचा भोळा नायक त्यापुढे ज्या दुःखाने आणि संतापाने उभा राहतो, त्याचे सारे भांडवल ललिता पवारांनी आधीच्या प्रसंगांत, रागावता रागावता, जमा करून ठेवलेले असते. राज कपूर यांना त्या वर्षी याच भूमिकेसाठी प्रमुख अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. त्या यशात मिसेस डिसांचा वाटा किती, हे कोणत्याही मानपत्रात लिहिलेले नसते.

दुसरी कसोटी ऐकण्याची. अभिनय म्हणजे बोलणे, हा समज रंगभूमीवरही घातक आहे, पडद्यावर तर अधिकच. 'दीवार'मध्ये पुलाखाली भेटलेला थोरला भाऊ आपल्या वैभवाची यादी वाचतो, तेव्हा शशी कपूर तो मारा मुकाट्याने सोसतात आणि अखेरीस अवघ्या काही शब्दांत उत्तर देतात. ते उत्तर देशाला पाठ झाले. परंतु त्याला वजन आले ते आधीच्या ऐकण्यामुळे. १९७६ मध्ये सहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच यादीत 'शोले'चे अमजद खान होते आणि त्यांना नुसत्या नामांकनावर समाधान मानावे लागले. गब्बरसिंग अधिक गाजला, हे खरेच. तथापि गाजणे आणि पेलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि परीक्षकाने दुसरीकडे पाहिले तर त्याला दोष देता येत नाही.

तिसरी कसोटी न्यायबुद्धीची. आपल्या पात्राला नट किती न्याय देतो, ती ही कसोटी. १९७७ च्या 'घरौंदा'त मुंबईत हक्काची खोली मिळावी म्हणून धडपडणारे कचेरीतील दोन तरुण जीव आहेत. हृदयविकाराने आजारी असलेल्या श्रीमंत साहेबाशी तिने लग्न करावे, तो फार दिवस जगणार नाही, असा हिशेब तिचा प्रियकरच मांडतो. साहेबाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आहेत. हा साहेब लंपट किंवा खाष्ट रंगवणे सोपे होते. लागूंनी तो एकाकी, सभ्य आणि समंजस ठेवला. त्यामुळेच प्रियकराचा हिशेब प्रेक्षकाला हळूहळू लाजिरवाणा वाटू लागतो आणि नायिकेचे मन पालटणे खरे ठरते. पुढच्या वर्षी मिळालेले 'फिल्मफेअर' पारितोषिक या संयमाचे होते. 'अर्थ'मध्ये रोहिणी हट्टंगडी यांची मोलकरीणही अशीच. मुलीच्या शाळेसाठी साठवलेले पैसे नवऱ्याने उधळल्यावर ती जे टोकाचे पाऊल उचलते, त्याने सुशिक्षित नायिकेच्या दुःखाला दुसरे परिमाण मिळते. त्याच चित्रपटासाठी स्मिता पाटील यांचेही सहाय्यक विभागात नामांकन होते. पारितोषिक मोलकरणीला मिळाले. प्रसंग मोजणाऱ्यांना हा निकाल रुचणार नाही, कथेचा तोल पाहणाऱ्यांना रुचेल.

एक सावधगिरीही हवी. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'तील तारामती साकारणाऱ्या दुर्गा खोटे यांना १९७५ मध्ये 'बिदाई'साठी सहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. अशा वेळी गौरव भूमिकेचा होतो की चार दशकांच्या सेवेचा, हे सांगणे अवघड होते. सेवेचा गौरव अवश्य व्हावा, पण स्वतंत्रपणे. अन्यथा त्या वर्षी राबलेल्या एखाद्या तरुण कलावंतावर नकळत अन्याय होतो आणि ज्येष्ठांच्याही ताज्या कामाचे खरे मोल होत नाही.

या संदर्भात महाराष्ट्राची स्वतःची परंपरा लक्षात घेण्याजोगी आहे. राज्य नाट्य स्पर्धेत शिक्षक, कारकून, विद्यार्थी दिवसभराचे काम उरकून रंगमंचावर उभे राहतात. तेथे अभिनयाचे रौप्यपदक प्रमुख आणि सहाय्यक अशी वाटणी करून दिले जात नाही. हाच न्याय शाळेच्या स्नेहसंमेलनातही लावता येईल. तेथे परीक्षकाच्या खुर्चीवर बहुधा शिक्षकच बसतात आणि बक्षीस बहुधा राजाला जाते. दरवर्षी भालदार होणारा मुलगा आपले काम मोजलेच जात नाही, हे फार लवकर शिकतो आणि तो धडा तो शाळेबाहेरही घेऊन जातो.

यावर उपाय खर्चाचा नाही. लहान असो वा मोठी, प्रत्येक परीक्षक समितीने निकालाबरोबर आपली कारणे चार ओळींत लेखी द्यावीत : कोणत्या प्रसंगात, कोणाच्या समोर, या कलावंताने काय पेलले. कारण लिहिण्याची सक्ती झाली की लांबी, लौकिक आणि भीड ही तिन्ही मापे आपोआप गळून पडतात. तंबूतील प्रेक्षक बोटे मोडून का होईना, आपले कारण देत होता. परीक्षकांनी तेवढे तरी करावे.