संकरित मांजर : रूप आणि स्वभाव

मांजर हा प्राणी आपल्या घरांना नवा नाहीं. धान्याची कोठी, दुधाचें शिंकें आणि उंदीर हीं तिन्ही जेथें असत, तेथें मांजर आपसूक येत असे. त्याला कोणी विकत घेत नसे, कीं त्याचें कूळही विचारीत नसे. अलीकडे मात्र मोठ्या शहरांतील कांहीं सुखवस्तु घरांत एक निराळेंच मांजर दिसूं लागलें आहे. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, लांबसडक बांधा आणि सोन्याची झांक मारणारी लव. ह्या जातीला ‘बेंगॉल’ म्हणतात. घरीं येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “हें खरोखर रानांतलें आहे काय?” ह्या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं, आणि असें मांजर आणूं इच्छिणाऱ्या कुटुंबानें तें आधींच समजून घेणें अगत्याचें आहे.

आपलें नेहमींचें मांजर पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका ह्या भागांतील रानमांजरापासून उत्पन्न झालें. सायप्रस बेटावर सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वीं माणसाच्या शेजारीं पुरलेल्या मांजराचा सांगाडा सांपडला आहे. त्याचा व माणसाचा सहवास इतका जुना आहे! बेंगॉलचा रानटी पूर्वज मात्र वेगळा. इंग्रजींत त्याला ‘लेपर्ड कॅट’ म्हणतात. आपण त्याला बिबट-मांजर म्हणूं. तें बिबट्याचें पिल्लूं नव्हे. आकारानें तें घरच्या मांजराएवढेंच असून हिमालयाच्या पायथ्याशीं, ईशान्येकडील राज्यांत व पश्चिम घाटांतील अरण्यांत आढळतें. त्याचें घराणें आणि आपल्या मांजराचें घराणें हीं सुमारें साठ लाख वर्षांपूर्वींच एकमेकांपासून विभक्त झालीं.

ह्या दोन घराण्यांची सोयरीक अमेरिकेंत जुळली. जीन मिल ह्या बाईंनीं पाळलेल्या बिबट-मांजराच्या मादीला १९६३ मध्यें घरच्या काळ्या बोक्यापासून पिल्लूं झालें. पुढें हें काम खंडित झालें. १९८० च्या सुमारास डॉ. विलर्ड सेंटरवॉल ह्यांनीं मांजरांतील रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठीं निपजविलेलीं संकरित मांजरें बाईंना मिळालीं, आणि त्यांनीं तें पुन्हा हातीं घेतलें. आपल्याला विशेष वाटावी अशी गोष्ट पुढेंच आहे. १९८२ च्या सुमारास दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारांत वावरणारें एक ठिपक्यांचें बेवारशी मांजर बाईंच्या दृष्टीस पडलें. तें त्यांनीं अमेरिकेस नेलें, आणि बेंगॉलच्या वंशांत त्याला मानाचें स्थान मिळालें. त्याच्या अंगावरची सोनेरी चकाकी बाईंनीं नेमकी हेरली होती.

आतां संकराचें गणित पाहूं. पहिल्या पिढींत रानाचा अंश निम्मा, दुसरींत चवथा, तिसरींत आठवा, आणि चवथींत सोळावा. पहिल्या कांहीं पिढ्यांतील बोके बहुधा वांझ असतात. त्यामुळें वंश चालतो तो भाट्यांच्या द्वारें. दोन भिन्न जातींच्या संकरांत, ज्या लिंगाचीं गुणसूत्रें परस्परभिन्न असतात, त्याच लिंगावर वांझपणाचा आघात प्रथम होतो, हा नियम जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनीं १९२२ मध्यें मांडला. मांजरांत, माणसांप्रमाणेंच, तें लिंग नराचें. हेच हॉल्डेन १९५७ मध्यें भारतांत स्थायिक झाले आणि १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें निवर्तले.

रानाचा अंश जितका अधिक, तितका स्वभावही रानाचा. पहिल्या-दुसऱ्या पिढीचें मांजर परक्या माणसाला भितें, मूत्रानें आपली हद्द आंखतें, आणि बहुधा एकाच व्यक्तीशीं सलगी करतें. जेथें चार पिढ्या एका छताखालीं नांदतात, पोरेंबाळें धांवत असतात आणि दार दिवसभर उघडें असतें, तेथें त्याची कुचंबणाच होते. चवथ्या पिढीपासून पुढचें बेंगॉल मात्र सर्वस्वीं घरचें मांजर असतें. तरीही तें मोठें चळवळें. त्याला चढावयास उंच जागा हवी आणि रोज खेळावयास माणूस हवा. कित्येकांना पाण्यांत पंजे बुडविण्याचाही नाद असतो. पिंजऱ्यांतला पोपट मात्र त्याच्या दृष्टीआड ठेवलेला बरा.

बेंगॉलहून धाडसाचा संकर ‘सव्हाना’चा. आफ्रिकेंतील सर्व्हल ह्या उंच पायांच्या रानमांजराचा आणि घरच्या सयामी भाटीचा हा संकर अमेरिकेंत १९८६ मध्यें प्रथम जन्मला. सर्व्हलचा गर्भ सुमारें ७४ दिवसांनीं पूर्ण होतो, तर घरच्या मांजराचा सुमारें ६५ दिवसांनीं. हा मेळ निसर्गानें घातलेला नसल्यानें पिल्लें अपुऱ्या दिवसांचीं होऊन दगावण्याचा धोका असतो. आपल्या रानांतील लहान प्राण्यांच्या काळजीनें ऑस्ट्रेलियानें २००८ मध्यें सव्हानाची आयात बंद केली. ब्रिटनमध्यें बेंगॉल असो वा सव्हाना, पहिल्या पिढीचें मांजर ठेवावयाचें तर हिंस्र रानटी प्राण्यांसाठीं लागणारा परवाना काढावा लागतो. आपल्याकडे बिबट-मांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पूर्ण संरक्षण दिलें आहे. तेव्हां रानांत सांपडलेलें ठिपक्यांचें पिल्लूं कोणी हौसेनें घरीं आणूं नये, वनखात्याला कळवावें.

आतां आपल्या घरांशीं विशेष संबंध असलेला मुद्दा. मांजर, मग तें बेंगॉल असो वा दारचें मनी, जन्मतःच मांसाहारी आहे. ‘टॉरीन’ नांवाचें द्रव्य त्याच्या शरीराला पुरेसें तयार करतां येत नाहीं. तें मांस-मासळींतूनच यावें लागतें. त्याच्या अभावीं दृष्टि जाते, आणि हृदयही दुबळें होतें, हें १९८७ मध्यें सिद्ध झालें. कोणी म्हणेल, आमच्या आजीचें मांजर तर दूधभातावर वाढलें! खरें आहे, पण तें मांजर रात्रीं उंदीर-पाली मारून ती उणीव भरून काढीत असे, आणि आपण तें पाहत नव्हतों इतकेंच. चवथ्या मजल्यावर कोंडलेल्या मांजराला ही सोय कोठली? शिवाय दूधही पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाहीं. ज्या घरांत मांस शिजत नाहीं, त्यानें मांजराचें तयार अन्न वेगळ्या ताटलींत देण्याचा निश्चय आधीं करावा. तें मनाला रुचत नसेल तर मांजर न पाळणें हेंच भूतदयेला धरून होईल. आपलें व्रत आपण पाळावें. मुक्या प्राण्यावर तें लादूं नये.

शेवटीं पुन्हा त्या पाहुण्यांच्या प्रश्नाकडे वळूं. २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत बेंगॉल मांजरांच्या आनुवंशिक द्रव्याची बारकाईनें तपासणी झाली. त्यांत बिबट-मांजराचा वांटा सरासरीनें शेंकडा तीन-चारच निघाला. आणि ज्या रूपासाठीं एवढा खटाटोप झाला, तें बव्हंशीं घरच्या मांजराच्याच रक्तांत दडलेलें होतें असें आढळलें! माणसानें रानांतून जें आणलें असें मानलें, तें पुष्कळसें घरींच होतें. निवडून एकत्र केलें इतकेंच.

ज्याला बेंगॉलच हवें असेल त्यानें तें अवश्य आणावें. मात्र पिल्लूं कितव्या पिढीचें आहे हें विचारावें, त्याच्या आईबापांचे डोळे व हृदय तपासल्याचा दाखला मागावा, आणि पंधरा वर्षांची जबाबदारी आपण घेत आहों हें घरांतील सर्वांनीं जाणावें. ज्याला केवळ मांजराचा लळा आहे, त्यानें मात्र पैसे मोजण्यापूर्वीं जिन्याखालच्या पिल्लांकडे एकदां नीट पाहावें.