विषारी धातूंचा माग

रायपूरच्या नैर्ऋत्येस, महाराष्ट्राच्या सीमेलगत, अंबागड चौकीचा प्रदेश आहे. तेथील कौरीकसा व आसपासच्या गावांतील विहिरींचे पाणी दिसावयास स्वच्छ होते. तथापि ते पिणाऱ्या अनेकांच्या अंगावर काळसर ठिपके उठले. तळहात व तळपाय यांची त्वचा जाड व खरखरीत झाली. १९९९ साली, हा भाग मध्य प्रदेशात असताना, तेथील भूजलात आर्सेनिक असल्याचा शास्त्रीय वृत्तांत प्रसिद्ध झाला. ते भूगर्भातील खडकांतून पाण्यात उतरले होते. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनीही या भागातील पाण्याचा व मातीचा अभ्यास केला आहे.

आर्सेनिक हे धातुसदृश मूलद्रव्य होय. सोमल हे त्याचेच ऑक्साइड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ते ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटले म्हणजे त्याचे प्रमाण वाढते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जेथे डोळा व जीभ यांचा उपाय चालत नाही, तेथे रासायनिक संवेदक उपयोगी पडतो.

संवेदकाला दोन कामे करावी लागतात. अनेक द्रव्यांतून नेमके एक ओळखणे हे पहिले, आणि ओळख पटल्याची खूण देणे हे दुसरे. आर्सेनिकच्या जुन्या परीक्षेत नमुन्यात जस्त व आम्ल घालतात. त्यांपासून निघणाऱ्या हायड्रोजनशी आर्सेनिकचा संयोग होऊन आर्सीन नावाचा विषारी वायू बनतो. तो मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदाला लागताच कागद पिवळा व पुढे तपकिरी होतो. रंग जितका गडद, तितके आर्सेनिक अधिक.

नव्या संवेदकांची युक्ती याहून सूक्ष्म आहे. पारा शरीरात घातक ठरतो, कारण त्याला गंधकाची विलक्षण ओढ असते. प्रथिनांतील गंधकाला तो घट्ट चिकटतो आणि त्यांचे कार्य बंद पाडतो. संशोधकांनी हीच ओढ त्याला पकडण्यासाठी वापरली. २००५ साली दक्षिण कोरियातील रसायनशास्त्रज्ञांनी रोडामीन या रंजकापासून गंधकयुक्त रेणू तयार केला. त्यातील एक वलय मिटलेले असते, तोवर तो रंगहीन राहतो. पारा येऊन गंधक ओढून घेतो, वलय उघडते, आणि द्राव गुलाबी होऊन योग्य प्रकाशात चमकू लागतो. या चमकण्यास अनुस्फुरण म्हणतात. पुढच्याच वर्षी अशा संवेदकाच्या साहाय्याने जिवंत पेशींत व झेब्राफिश या लहान माशाच्या शरीरात पारा कोठे साठला आहे, हे सूक्ष्मदर्शकातून पाहता आले. पेशी न फोडता विष पाहण्याची ही सोय मोलाची आहे.

तथापि संवेदकाची साक्ष तपासूनच घ्यावी लागते. गंधकयुक्त वायूमुळेही आर्सेनिकचा कागद रंगू शकतो. म्हणून वाटेत लेड ॲसिटेटचा कापूस ठेवून तो वायू अडवितात. मर्यादेच्या जवळचे आकडे केवळ रंगावरून ठरविता येत नाहीत, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो. परंतु कोणत्या विहिरीचे पाणी आधी तपासावे, हे गावातच सांगणारा रंगीत कागद पुष्कळांचे आरोग्य वाचवू शकतो. निर्मळ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही, हा कौरीकशाचा धडा आहे.