ठोकळ्यांतून वर्गसंख्या

लेगोच्या पाटीवर सगळ्यांत लहान, चौरस ठोकळ्यांपैकी एक लाल ठोकळा बसवा. त्याला दोन बाजूंनी काटकोनात ३ पिवळे लावा. ४ ठोकळ्यांचा चौरस झाला. तसेच ५ निळे लावले की ९, मग ७ हिरवे लावले की १६. १ पासून क्रमाने विषम संख्या मिळवत गेलो की वर्गसंख्याच येते, हे मुलांना रंगांवरून दिसते. कारणही समोरच असते : प्रत्येक नव्या काटकोनाची दोन्ही अंगे एकेका ठोकळ्याने वाढतात. मोजायला लावण्याआधी ‘पुढच्या रंगाचे किती लागतील?’ असे जरूर विचारा.

पुढे १, २, ३, ४ असा जिना रचा. असे दोन जिने उलटसुलट जोडले की ४ × ५ चा आयत होतो. म्हणजे एका जिन्यात १० ठोकळे.