परसबाग, भूक आणि श्रमाचा मान

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची हकिगत आहे. भगवान बुद्ध जेतवनातून भिक्खुसंघासह आळवीस आले होते. या शेतकऱ्यालाही उपदेश ऐकावयाचा होता. परंतु नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उपाशीपोटीच सभेत पोहोचला, तेव्हा बराच उशीर झाला होता. भगवान त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालावयास सांगितले आणि त्याचे पोट भरल्यावरच धम्मदेशनेस आरंभ केला. काही भिक्खूंना याचे नवल वाटले, कुजबुजही झाली. भुकेलेल्या माणसाला उपदेश समजत नाही, हे भगवंतांना त्यांना समजावून सांगावे लागले.

शिक्षकाच्या नात्याने आम्हांला ही कथा फार जवळची वाटते. पहिल्या तासाला डोळे मिटणारे मूल आळशी असतेच असे नाही.

आमच्या शाळेच्या परसबागेचा उगम या जाणिवेत आहे. विद्यार्थी स्वेच्छेने तेथे काम करतात. भाजी प्रथम वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाते आणि उरलेली आसपासच्या वस्तीत. बागेने भूक मिटते काय, असा प्रश्न माजी विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे हिशेब मांडूनच द्यावयास हवे. शालेय पोषण आहाराच्या मानकानुसार उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला एका जेवणात ७५ ग्रॅम भाजी मिळावयास हवी. दोनशे मुलांसाठी ती १५ किलो होते, आणि तीही एका वेळेची. दोन-चार गुंठ्यांतून एवढी भाजी रोज निघणे शक्य नाही. बटाटा, कांदा, कोबी बाजारातूनच येणार.

मग बाग कशासाठी? आजच्या भुकेचे रूप बदलले आहे म्हणून. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आधीच्या पिढीने सुकडी आणि तांबडा मिलो खाऊन दिवस काढले. तेव्हा धान्यच नव्हते. आज रेशनच्या गहू-तांदळाने पोट बहुधा भरते, पण ताटात पालेभाजी नसते, डाळ पातळ असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली, आणि १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ही भूक डोळ्यांना दिसत नाही. तिच्यावर थोडी पालेभाजीही उपयोगी पडते, मात्र ती नियमित हवी.

म्हणून आम्ही फुलकोबीच्या नादी लागलो नाही. मेथी महिन्याभरात काढणीस येते. माठ, पालक, अंबाडी यांना फार जागा लागत नाही. भोपळा आणि वाल कुंपणावर चढतात. शेवगा फाट्यापासूनही लागतो, आणि शेंगांइतकाच त्याचा पालाही मोलाचा आहे. लोह, प्रथिने आणि अ जीवनसत्त्व त्यातून मिळते. भाजीबरोबर लिंबाची फोड दिली की लोह अंगी लागते, हे मुलींनी विज्ञानाच्या तासाला शिकून स्वयंपाकघरात सांगितले. पाणी ताटे धुण्याच्या मोरीचे; त्यातील खरकटे आधी गाळून घ्यावे लागते. तण म्हणून उपटलेली घोळ आणि तांदुळजा आमच्या स्वयंपाकीणबाईंनी ओळखली, तेव्हापासून ती कचऱ्यात न जाता कढईत जाऊ लागली. या बाबतीत आमची पदवी काही कामास आली नाही.

खरी अडचण मातीची नव्हती. पहिल्याच वर्षी एक पालक भेटावयास आले. मुलाच्या हातात खुरपे पाहून म्हणाले, “सर, खुरपं आमच्या घरात आहेच. पोरगं पेनासाठी धाडलंय तुमच्याकडं.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. ती भीती आम्ही ओळखतो. शाळेत झाडू कोणाच्या हाती दिला जातो, हे आमच्यातील अनेकांनी बालपणी पाहिले आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’त दाखवून दिले की जातिव्यवस्था केवळ कामाची वाटणी करीत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते. श्रमाच्या प्रतिष्ठेचे धडे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली त्यांच्याच मुलांना द्यावयाचे, यात मोठा अन्याय आहे. दुसरीकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली आणि कष्टही सर्वांनीच केले. फरक ‘सर्वांनीच’ या शब्दात आहे.

त्यानंतर आम्ही बागेचा पाळीपत्रक फलकावर लावू लागलो. त्यात मुख्याध्यापकांपासून लिपिकापर्यंत सर्वांची नावे असतात. तासाच्या वेळेत बागकाम नाही, परीक्षेच्या पंधरवड्यात नाही, आणि शिक्षा म्हणून तर कधीच नाही. ज्याला यावयाचे नाही त्याला कारण विचारले जात नाही. ते पालक पुन्हा आले तेव्हा त्यांनी फलक वाचला. बोलले काही नाहीत. मुलगा बागेत येतो.

देण्याचा प्रश्न याहून नाजूक ठरला. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि शिळे-उष्टे मागून खाणे सोडण्याचे आवाहन केले. ज्यांच्या आज्यांनी पाटीत भाकरीचे तुकडे गोळा केले, त्यांची नातवंडे आज इतरांना भाजी देत आहेत. हा पालट मोठा आहे, परंतु देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली ही रीत तशीच राहिली, तर केवळ माणसे बदलली असे होईल. पहिल्या खेपेस आम्हीही चुकलो. रांग लावली, जुड्या वाटल्या, छायाचित्रे काढली. पुढच्या आठवड्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धा आल्याच नाहीत. आता आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी फाटकाजवळच्या टेबलावर जुड्या ठेवलेल्या असतात. कोणीही घ्याव्यात; शिक्षकही नेतात. नोंद नाही, छायाचित्र नाही. काहीजणी परत जाताना दुधीचे किंवा घेवड्याचे बी ठेवून जातात. गेल्या हंगामातील घेवडा त्याच बियांचा होता.

एक उणीव मात्र अजून सुटलेली नाही. एप्रिल-मे महिन्यांत विहीर तळ गाठते, मुले घरी जातात आणि बाग करपते. नेमक्या याच काळात वस्तीत हाताला काम नसते. यंदा मुलांनी सुटीपूर्वी शेवग्याचा पाला सावलीत वाळवून, त्याची भुकटी करून डबे भरून ठेवले आहेत. फाटकाजवळचे टेबल उन्हाळ्यातही मांडण्याची जबाबदारी वस्तीतील दोन विद्यार्थिनींनी आपणहून घेतली आहे. डबे किती आठवडे पुरतात, ते जूनमध्ये शाळा उघडल्यावर कळेल.