नदीकाठच्या झाडांचे बी आणि पाण्याचे बदलते वेळापत्रक

झाशीच्या जुन्या शहरातील लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडले की लक्ष्मी तलाव लागतो. त्याच्या काठी महालक्ष्मीचे मंदिर आणि १८५३ साली निधन पावलेले राजे गंगाधरराव नेवाळकर यांची छत्री आहे. येथून काही किलोमीटरवर, ओरछा येथे बेतवा, म्हणजेच प्राचीन वेत्रवती वाहते. तिच्या काठी अर्जुनाची जुनी झाडे आहेत. या झाडांची पुढची पिढी उभी राहणे हे पाणी किती आहे यावर जितके, तितकेच ते केव्हा येते आणि किती वेगाने ओसरते यावरही अवलंबून असते.

बी कसे रुजते?

सुप्तावस्थेतील बी पाणी शोषून फुगते, त्याचे श्वसन वाढते आणि साठवलेले अन्न कोंबाला मिळू लागते. त्यासाठी ओलाव्याबरोबर प्राणवायूही लागतो. म्हणून दीर्घकाळ पाण्याखाली राहिलेले बी बहुधा कुजते, तर ओल लवकर संपल्यास फुटलेला कोंब सुकतो.

प्रत्येक जातीची गरज निराळी असते. अर्जुनाचे पाच पंखांचे कठीण फळ पावसाची वाट पाहू शकते. रोपवाटिकांमध्ये ते पेरणीपूर्वी भिजत घालतात. जांभळाचे बी मात्र वाळले की निर्जीव होते. पाऊस लांबल्यास त्याचा हंगाम वाया जातो. वाळुंजाचे केसाळ, सूक्ष्म बी अल्पायुषी असते. त्याला ताजा, ओला गाळ लगेच मिळावा लागतो.

धरणांचा परिणाम

पूर ओसरताना मागे राहणारा गाळ ही रोपांची नैसर्गिक वाफ्यासारखी जागा असते. धरणे पूर आणि गाळ दोन्ही अडवतात. अवेळी सोडलेले पाणी कोवळी रोपे वाहून नेऊ शकते. बेतवेवर पारिछा येथे एकोणिसाव्या शतकापासून बंधारा आहे. माताटीला धरण १९५८ साली पूर्ण झाले. केन-बेतवा जोड प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०२४ मध्ये झाली.

यावर उपाय आहे. कॅनडातील महोनी आणि रूड या संशोधकांनी १९९८ साली पॉप्लर वृक्षांसाठी एक सूत्र मांडले. बी गळण्याच्या काळात पूर ओसरावा आणि पाण्याची पातळी दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटरहून अधिक वेगाने उतरू नये, म्हणजे रोपांची मुळे ओलाव्याचा पाठलाग करू शकतात. आपल्याकडील वृक्षांसाठी हे प्रमाण वेगळे असेल, पण तत्त्व तेच राहील.

खोल मुळांची मोठी झाडे अनेक दशके तग धरतात. त्यामुळे रुजवण थांबल्याचे लवकर ध्यानात येत नाही. नदीकाठचे आरोग्य जाणून घ्यायचे तर मोठ्या वृक्षांबरोबर त्यांच्याखालची रोपेही मोजली पाहिजेत.