गोंगाटात हरवतात व्यंजने. वर्गातील आवाजाचा आकलनावर परिणाम

जयपूर : येथील गोपालपुरा बायपास शिकवणी वर्गांसाठी ओळखला जातो, तितकाच वाहतुकीच्या वर्दळीसाठीही. हॉर्न, पंख्यांची घरघर आणि भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनी यांतूनही शिक्षकाचा आवाज ऐकू येतो. हरवतात ती व्यंजने. स्वर ठळक असतात, तर ‘क’, ‘त’, ‘प’ हे क्षीण ध्वनी झाकले जातात. ‘ताप’ की ‘चाप’, हे मग कळत नाही. ओळखीचा शब्द श्रोता संदर्भाने जुळवून घेतो. नवी संज्ञा प्रथमच ऐकणाऱ्या किंवा परभाषेतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती सोय नसते. मागच्या बाकांवर अडचण अधिकच.

जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातील पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. न्यूयॉर्कमधील उन्नत रेल्वेमार्गालगतच्या एका शाळेचा १९७५ मधील अभ्यास याबाबत बोलका आहे. रुळांकडील वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. आवाज कमी करण्याचे उपाय योजल्यावर ही तफावत उरली नाही.

भारतात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय शाळेचा परिसरही शांतता क्षेत्र ठरत नाही. शिवाय ही मर्यादा परिसराची आहे. वर्गातले खडखडणारे पंखे तिच्या कक्षेत येत नाहीत.