ध्वनियंत्रांची दुरुस्ती आणि निर्मात्यांचे उत्तरदायित्व

१

भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीवर लेख यावा, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. यंत्र बिघडले तर ते कारागिराकडे पाठवावे आणि दुरुस्त होऊन आले की आपले काम पुढे चालू करावे, एवढाच या विषयाशी अभ्यासकाचा संबंध, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ज्यांचे संशोधन ध्वनिमुद्रित सामग्रीवर उभे आहे त्यांच्या बाबतीत ही समजूत घातक ठरते. पन्नास वर्षांपूर्वी ज्याचे बोलणे टिपून घेतले तो निवेदक बहुधा हयात नसतो. त्याची बोली बोलणारी वस्तीही पुष्कळदा पांगलेली असते. उरते ती फीत, आणि फितीवरील ध्वनी यंत्रावाचून कोणासही ऐकू येत नाही. यंत्र सदोष असेल तर पुरावा सदोष होतो, आणि तो दोष ध्यानात आला नाही तर निष्कर्षही सदोष होतात. म्हणूनच उच्च प्रतीच्या ध्वनियंत्रांचे निर्माते विक्रीनंतर ग्राहकाशी कसे वागतात, हा प्रश्न केवळ हौशी श्रोत्यांचा मानता येत नाही. प्रस्तुत लेखात ‘दुरुस्ती’ या शब्दाचा अर्थ प्रथम निश्चित करून, काही प्रसिद्ध निर्मात्यांची रीत आणि आमच्या विभागास आलेला एक अनुभव यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

‘दुरुस्ती’ हा शब्द आपण दोन भिन्न अर्थांनी वापरतो. बंद पडलेले यंत्र चालू करणे हा पहिला अर्थ. यंत्र मूळ प्रमाणास आणणे, म्हणजे त्याची गती, त्याची पातळी आणि सर्व कंपनसंख्यांना मिळणारा त्याचा प्रतिसाद ही निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत पुन्हा आणून बसविणे, हा दुसरा. पंख्याच्या किंवा शिलाई यंत्राच्या बाबतीत या दोन अर्थांत फारसे अंतर पडत नाही. ध्वनियंत्राच्या बाबतीत ते फार पडते.

गतीचेच उदाहरण घेऊ. ध्वनिमुद्रकाची गती शेकडा ३ ने वाढली तर १२० हर्ट्‌झचा मूलस्वर १२३.६ हर्ट्‌झचा होतो. १०० मिलिसेकंदांचा स्वर ९७ मिलिसेकंदांत संपतो. स्वरांची ओळख पटविणारी अनुनादस्थानेही त्याच प्रमाणात वर सरकतात. संगीताच्या भाषेत हा फरक अर्ध्या सेमिटोनाएवढा आहे. ऐकणाऱ्याला तो जाणवेलच असे नाही. मोजणाऱ्याच्या कोष्टकात मात्र तो निमूटपणे जाऊन बसतो.

हेडच्या फटीच्या कोनाची गोष्ट याहून नाजूक आहे. फीत ज्या दिशेने सरकते तिच्याशी ही फट काटकोनात असावी लागते. ९.५ सेंटिमीटर प्रतिसेकंद या गतीला २०० हर्ट्‌झच्या ध्वनीची फितीवरील तरंगलांबी जवळजवळ अर्धा मिलिमीटर असते, तर ८,००० हर्ट्‌झच्या ध्वनीची सुमारे १२ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे अवघे बारा सहस्रांश. ध्वनिपट्टा सुमारे २ मिलिमीटर रुंद धरला, तर फट अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी तिरपी होताच पट्ट्याच्या दोन कडांमध्ये या तरंगाचे एक पूर्ण आवर्तन बसते, आणि तो ध्वनी स्वतःच स्वतःला छेदून नाहीसा होतो. २०० हर्ट्‌झच्या ध्वनीला मात्र धक्काही लागत नाही. स्वर स्पष्ट, घर्षणध्वनी दबलेले, अशी स्थिती त्यातून उद्‌भवते. मराठीच्या अभ्यासकाला याचे गांभीर्य सांगावयास नको. ‘चार’ ही संख्या आणि ‘गुरे चार’ या आज्ञेतील ‘चार’ यांतील भेद लिपी दाखवीत नाही. तो कानानेच ओळखावा लागतो, आणि दंत्य च मधील घर्षणाचा मोठा भाग नेमका याच वरच्या पट्टीत असतो.

३

निर्मात्यांची रीत पाहू लागल्यास दुसऱ्या अर्थाची दुरुस्ती हे आपले कर्तव्य मानणारे काही जण आढळतात. त्यांत अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथील मॅकिंटॉश या कंपनीचा उपक्रम सर्वांत बोधप्रद होय. १९६२ ते १९९१ या काळात कंपनीचे डेव्ह ओब्रायन हे मोजणीची उपकरणे बरोबर घेऊन गावोगावच्या विक्रेत्यांकडे जात आणि लोकांनी आणलेले अ‍ॅम्प्लिफायर विनामूल्य तपासून देत. यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी चालत असे. तपासणीचा निष्कर्ष आलेखाच्या रूपाने मालकाच्या हाती पडे. यात जाहिरातीचा हेतू होता हे उघड आहे. तथापि ग्राहकाच्या हाती शब्दाऐवजी माप देण्याची ही प्रथा होती, आणि तिचे महत्त्व त्या हेतूने कमी होत नाही.

ग्लासगो येथील लिन कंपनीची रीत निराळी आहे. १९७३ साली बाजारात आलेल्या तिच्या एलपी-१२ या तबकडी-यंत्राचा मूळ आराखडा तिने टाकून दिला नाही. सुधारलेले भाग जुन्या यंत्रात बसावेत असेच ते घडविले, आणि त्यामुळे आरंभीच्या काळातील यंत्रही आजच्या प्रमाणास आणता येते. कॅनडातील ब्रायस्टन ही कंपनी आपल्या अनुरूप पद्धतीच्या यंत्रांना २० वर्षांची हमी देते. अंकीय यंत्रांची हमी मात्र त्याहून पुष्कळ कमी मुदतीची आहे. या शेवटच्या भेदात बरेच काही सामावलेले आहे.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधील बहुतेक भाग बाजारात मिळणारे असत. कंडेन्सर सुकला तर त्याच मापाचा दुसरा घालता येतो. बेल्ट आणि रबरी रोलर नव्याने करवून घेता येतात. आणि सर्किटची आकृती हाती असली की कुशल कारागीर निर्मात्यावाचूनही मार्ग काढतो. अंकीय यंत्राचे तसे नाही. त्यातील विशिष्ट चकत्या आणि त्यांत भरलेल्या आज्ञावली बाहेर मिळत नाहीत. शिवाय कितीही महाग यंत्र असले तरी त्यातील प्रत्येक भाग निर्माता स्वतः करीत नाही. सीडी वाचणारी लेसर-यंत्रणा बहुतेक उच्चभ्रू निर्माते फिलिप्स, सोनी यांसारख्या मोठ्या कारखान्यांकडून विकत घेत. त्या कारखान्यांनी एखादी यंत्रणा बंद केली की शिल्लक साठा संपेपर्यंतच दुरुस्ती शक्य असे. अशा वेळी निर्मात्याची सचोटी पुरेशी पडत नाही. त्याने दूरदृष्टीने सुटे भाग साठविले होते की नाही, यावर सर्व अवलंबून राहते.

ध्वनिमुद्रकांची स्थिती तर याहून बिकट आहे. स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘नाग्रा’ घडविला. या पोलिश शब्दाचा अर्थच ‘मुद्रित करील’ असा आहे. त्याच देशातील विली स्टुडर यांच्या कारखान्यातून ‘रेव्हॉक्स ए-७७’ हे यंत्र १९६७ साली निघाले. ही यंत्रे अभ्यासकांच्या कपाटांत आजही आहेत, परंतु त्या पद्धतीची यंत्रे मोठ्या प्रमाणावर घडविणारा उद्योग मावळला आहे. युनेस्को आणि ध्वनि-दृक्‌श्राव्य संग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी २०१९ साली याविषयी पाहणी करून २०२० साली अहवाल प्रसिद्ध केला. फिती टिकतील, पण त्या वाजविणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती जाणणारे हात उरणार नाहीत, ही त्यामागची मुख्य चिंता होती. आणि २०२५ हे वर्ष त्यांनी सीमारेषा म्हणून सांगितले होते.

४

आता आमच्या विभागाचा अनुभव. विभागाकडे एक युरोपीय बनावटीचा ध्वनिमुद्रक आहे आणि पूर्वसूरींनी किनारपट्टीच्या बोलींचे केलेले मुद्रण त्यावर वाजविले जाते. हेड झिजल्यामुळे काही वर्षांपूर्वी तो निर्मात्याच्या अधिकृत प्रतिनिधीकडे पाठविला. तीन महिन्यांनी यंत्र परत आले. सोबतच्या चिठ्ठीत ‘नवीन हेड बसविले, यंत्र सुस्थितीत आहे’ एवढाच मजकूर होता. यंत्र वाजत होते. आम्ही समाधान मानले.

पुढील वर्षी एका विद्यार्थिनीने त्या फितींवर प्रबंधिका लिहिली. एका बोलीत दंत्य आणि तालव्य च यांतील भेद लोपत चालला आहे, असा तिचा निष्कर्ष होता. तो नवा होता, मांडणी नेटकी होती, आणि मार्गदर्शक म्हणून प्रस्तुत लेखकाने त्यास संमती दिली. पुढे योगायोगाने त्यांपैकी एका फितीची, दुरुस्तीपूर्वी काढलेली कॅसेटवरील प्रत सापडली. तीत दोन्ही ध्वनी स्वच्छ वेगळे ऐकू येत होते. लोपला होता तो हेडचा काटकोन. बोलीतील भेद जागच्या जागी होता.

प्रतिनिधीस पत्र लिहिले तेव्हा, हेड मूळ बनावटीचे आहे आणि आवाज येतो, सबब दुरुस्ती पूर्ण झाली आहे, असे उत्तर आले. निर्मात्यास लिहिले, त्याने सौजन्याने दुरुस्ती-पुस्तिकेतील जुळवणीची पाने विनामूल्य पाठविली, मात्र जुळवणीस लागणारी प्रमाण-फीत आपण आता विकत नाही असेही कळविले. ती फीत अन्यत्र मिळविली आणि आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याकडून एका दुपारी हेड जुळवून घेतले. विद्यार्थिनीने तो निष्कर्ष मागे घेतला आणि ते प्रकरण पुन्हा लिहिले. तिचे वर्ष वाया गेले. दोष तिचा नव्हता. प्रतिनिधीचा होता, आणि ‘सुस्थितीत’ या शब्दाचा अर्थ न विचारता तो स्वीकारणाऱ्या आमचाही होता.

५

या प्रसंगाचे मूळ एका भाषिक घोटाळ्यात आहे. ‘सुस्थितीत’, ‘पूर्ववत्’, ‘आजीवन हमी’ ही सेवापत्रांतील ठरीव शब्दकळा होय. ‘आजीवन’ म्हणजे कोणाच्या जीवनापर्यंत? ग्राहकाच्या, यंत्राच्या की कंपनीच्या? ‘२० वर्षे’ या शब्दांत ही संदिग्धता नाही. उलट बाजूने ग्राहकाची तक्रारही तितकीच मोघम असते. ‘आवाज दबका येतो’ या वाक्यातून कारागिराला पातळी कमी आहे, वरची पट्टी गेली आहे, की कर्णा बिघडला आहे, हे कळण्यास मार्ग नसतो. ‘स, श, च हे ध्वनी अस्पष्ट, स्वर स्पष्ट, गती ९.५, दुसऱ्या यंत्रावर तीच फीत निर्दोष’, असे लिहिले तर निम्मे निदान पत्रातच होते. ध्वनींचे वर्णन करणे हा ज्यांचा व्यवसाय त्यांनी तरी तक्रार मोघम लिहू नये.

कायद्याचा आधार आज मर्यादितच आहे. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीस चालना देणारा निर्देश संमत केला. त्यातील वस्तूंच्या यादीत कपडे धुण्याची यंत्रे, शीतकपाटे, दूरध्वनी इत्यादी आहेत, ध्वनियंत्रे नाहीत. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतील उणिवेबद्दल दाद मागता येते. परंतु उणीव सिद्ध करण्यास माप लागते, आणि ते आधी घेतलेले असावे लागते.

म्हणून विभागांनी पुढील पथ्ये पाळावीत, असे सुचवावेसे वाटते. यंत्र धाडण्यापूर्वी एक ठरलेली फीत वाजवून तिची अंकीय प्रत ठेवावी आणि यंत्र परत येताच तीच फीत पुन्हा वाजवून दोहोंची तुलना करावी. दुरुस्तीच्या मागणीपत्रातच गती, हेडचा कोन आणि प्रतिसाद यांची मापे मागावीत. बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत. पुस्तिका आणि आकृत्या आजच मिळवून जपाव्यात. आणि दुरुस्तीची तारीख फितीच्या नोंदवहीत लिहावी, म्हणजे कोणते लिप्यंतर कोणत्या अवस्थेतील यंत्रावरून केले हे पुढील अभ्यासकास कळेल. निवेदकाचे नाव, गाव आणि वय आपण काटेकोरपणे नोंदवितो. ज्या यंत्राच्या तोंडून तो आज आपल्याशी बोलतो, त्या यंत्राचाही वृत्तान्त त्याच नोंदवहीत असला पाहिजे.